हस्तांतरणीय नाही

वरणगाव रस्त्याला, जिथे परवापरवापर्यंत
केळीचा खोडवा उभा होता,
तिथे आता पाण्याच्या घसरगुंड्या,
आणि दिवाळीच्या अमावास्येआधी तीन रात्री
भुताटकी महोत्सव.
कोरड्या बर्फाचा धूर, लाल बल्बांचे डोळे,
चोपड्याहून आणलेली सात माणसं
हडळी म्हणून, रोजावर.

तिकीट नऊशे.
बाहेर सुखदेव वेफरवाला चौदाशेला देतो.
म्हणजे देत होता.

यंदा साहेबांनी जाळं टाकलंय.
तिकिटावर नाव, नावाखाली जन्मतारीख,
त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत: हस्तांतरणीय नाही.
साध्या कपड्यांतले चार जण
गाडीभोवती वेफर न खाता उभे.
काल एक कॉलेजचा पोरगा धरला,
सहा तिकिटं फाडली,
त्याचा फोटो फाटकाला चिकटवला.
फोटोत तो हसतोय.
कॅमेरा धरला की माणूस हसतोच.

मी तीन नंबरच्या फाटकावर. हातात यंत्र.
हिरवं पेटलं की सोडायचं,
संशय आला की विचारायचं.

सव्वासातला एक बाई आली,
नव्या चपलेवर किमतीची चिठ्ठी तशीच.
सोबत आठेक वर्षांचं पोर, केसांना चप्प तेल.
साध्या कपड्यांतला एक मागेच उभा, म्हणून विचारलं.
नाव?
पवन.
जन्म?
चौदा ऑगस्ट… पुढचं सालसुद्धा,
पाढ्यासारखं, एका श्वासात.
वडिलांचं नाव?
पोरानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं.
भिकन सुपडू तायडे.

माझ्या छातीवर बिल्ला आहे, त्यावर हेच नाव, इंग्रजीत.
बाईनं बिल्ला पाहिला. वाचला नाही.

कामगाराला घरच्यांसाठी दोन पास फुकट.
ते मी सुखदेवला दिले, दोन्हींचे मिळून हजार.
घरी सांगितलं, यंदा वाटलेच नाहीत.
बाईच्या हातातला पास माझ्या बायकोच्या नावाचा,
म्हणजे त्या घडीला, कागदावर,
आम्ही तिघं एक कुटुंब.

माझ्या बापाआधी चार लेकरं गेली.
पाचवं सुपात घातलं,
शेजारणीनं पायलीभर ज्वारीला विकत घेतलं,
दुसऱ्या दिवशी परत दिलं. सुपडू.
मी झालो तेव्हा
दारोदार मागितलेल्या चिंध्यांचं अंगडं. भिकन.
आमच्यात जीवसुद्धा
या हातातून त्या हातात फिरवून टिकवतात.
मरण यादी घेऊन येतं म्हणे,
नाव जुळलं नाही की जातं माघारी.

जा, म्हटलं. हिरवं पेटलं होतंच.

साडेदहाला बाई एकटीच परत.
धुरात हात सुटला.
लाउडस्पीकरच्या खोलीत विचारलं, पोराचं नाव?
दारात साध्या कपड्यांतला उभा.
बाईनं गिळलं काहीतरी, म्हणाली,
पवन भिकन तायडे.

तीनदा पुकारलं.
किंकाळ्यांच्या वरून, घसरगुंड्यांच्या वरून,
पार हायवेपर्यंत माझ्या लेकाचं नाव.
कुणी आलं नाही.
तो कोण आहे हे पोर विसरलं असणार,
इतक्या भुतांत कुणीही विसरेल.

चौथ्यांदा तिनं माइकच ओढला.
कान्हूऽ! ए मना राजा, कथा गया रे तू?

सगळं थांबलं.
एका हडळीनं मुखवटा कपाळावर सरकवला
आणि शिट्टी मारून दाखवलं,
घसरगुंडीखाली, ओल्या वाळूत,
चपला पोटाशी धरून बसलेलं पोर.
तिनं आधी एक थापट दिली,
मग त्याचं डोकं पदरात घेतलं.

साध्या कपड्यांतल्यानं वही उघडली.
हा कान्हू, तर पवन कोण?

बाई तोंड उघडणार, त्याच्या आत
मला माझाच आवाज ऐकू आला.
माझा, म्हटलं.
घरी आहे. जागा असेल अजून.